तलाव, विहीर आणि गाव : भंडारा जिल्ह्यातील पिण्याच्या पाण्याची हकीकत

देवालय आणि जलाशय यांचा संबंध आपल्या देशात फार जुना आहे. देवाच्या स्नानाला, अभिषेकाला, तीर्थाला आणि दारी आलेल्या वाटसरूच्या तहानेला पाणी लागते. म्हणून जेथे पाणी तेथे देऊळ आणि जेथे देऊळ तेथे पाणी, अशी आपल्या पूर्वजांची रीत होती. भंडारा जिल्ह्यात खेडोपाडी तलावाच्या पाळीवर किंवा पाळीच्या आश्रयाने उभी असलेली देवळे पाहावयास मिळतात, ती याच रीतीला धरून होत. धर्मशास्त्रात ज्या लोकोपयोगी कामांना 'पूर्त' कर्म म्हटले आहे, त्यांत विहीर, बारव व तलाव खोदणे, देऊळ बांधणे आणि अन्नदान करणे ही कामे एकत्रच सांगितली आहेत. तेव्हा जीर्णोद्धार हा काही नुसत्या देवळापुरता मर्यादित नाही. तो विहिरीचाही होतो आणि तलावाचाही होतो.

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी गावाच्या दुसऱ्या पुण्यस्थानाची, म्हणजे पाण्याची, हकीकत ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे ठेवणे उचित होय.

तलावांचा मुलूख

भंडारा जिल्हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. येथे वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडे याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलुखाला तलाव कशाला हवेत, असे परक्या माणसास वाटेल. परंतु हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो आणि येथील जमिनीखाली फार पुरातन असा कठीण खडक आहे. वरच्या मातीत व मुरमात जेवढे पाणी मुरेल आणि खडकाच्या भेगांत जेवढे साचेल तेवढेच खरे. बाकीचे नाल्यांतून वैनगंगेला व वैनगंगेतून पुढे गोदावरीला जाऊन मिळते. ज्या भागात श्रावणात बांध्या तुडुंब भरतात, त्याच भागात वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, याचे कारण हेच होय.

वैनगंगेच्या काठची वस्ती फार जुनी आहे. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. काठच्या लोकांना नदीचा डोह होता आणि उन्हाळ्यात वाळूत झिरा खोदला की पिण्यापुरते पाणी मिळत असे. नदीपासून दूर, झाडीपट्टीच्या आतल्या भागात वस्ती करावयाची तर पाणी आधी अडवावे लागे. ते काम कोहळी समाजाने केले. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परत येताना या लोकांना आपल्या मुलुखात आणले, अशी परंपरागत कथा आहे. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालची जमीन मिळे, असे उत्तेजन गोंड राजवटीत होते. कोहळ्यांप्रमाणेच पोवारांनीही पुष्कळ तलाव बांधले. हाती कोणतेही यंत्र नसताना, जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून त्यांनी पाळी घातल्या.

या कर्तबगारीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नवेगाव बांध. हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होता; १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाळींनी बुजवून त्यांनी एवढे पाणी अडविले. पुढे लोकांनी कोलू पाटलांना कोलासूर देव म्हणून पुजले. ज्या माणसाने पाणी दिले त्याला लोकांनी देवपण दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोठ्या तलावांखेरीज गावोगावी लहान तलाव व त्याहूनही लहान बोड्या झाल्या. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. एका तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात जाई व त्याचे पुढच्या गावच्या तलावात. त्यामुळे वरच्या गावाने आपली पाळ नीट राखली तर खालच्या गावाचेही भले होई. वरची पाळ फुटली तर खालच्यांवर संकट येई.

पाळीखालची विहीर

हे तलाव मुख्यतः धानाच्या ओलितासाठी बांधले गेले हे खरे. तथापि पिण्याच्या पाण्याशी त्यांचा संबंध त्याहून कमी नाही. तलावात पाणी उभे असले म्हणजे ते हळूहळू तळातून व पाळीखालच्या मातीतून झिरपत राहते. त्या झिरपणीवर पाळीच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरी जगतात. गावची गोड्या पाण्याची विहीर तलावाच्या पोटाखाली असते, हा जुन्या लोकांचा अनुभव आहे.

यात दुहेरी लाभ होता. एक तर, तलावात पाणी असेपर्यंत विहिरीला पाणी राही. दुसरे असे की, तलावाचे गढूळ पाणी मातीच्या व वाळूच्या थरांतून विहिरीत येईपर्यंत पुष्कळसे गाळले जाई. लंडन शहरात जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ साली थेम्स नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून पुरविण्याची सोय केली आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे निसर्ग पाळीखाली तेच काम करीत होता. मात्र अशा रीतीने गाळलेले पाणी सर्वथा निर्दोष असते असे समजणे चूक आहे. त्याविषयी पुढे येईल.

विहिरीवरून आणलेले पाणी घरीही तसेच पीत नसत. दुहेरी कापडाने गाळून घेणे, गढूळ असल्यास तुरटी फिरविणे किंवा निवळीचे बी उगाळून टाकणे, गुंड रोज घासून भरणे, पिण्याचे पाणी उंचावर झाकून ठेवणे, हे घरातील बायाबापड्यांचे नित्याचे शास्त्र होते. ज्या गावी एकाहून अधिक जलाशय होते तेथे गुरांचे पाणी, धुण्याचे पाणी व माणसांचे पाणी वेगळे ठेवता येई.

मालगुजारी गेली, तलाव राहिले

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले व १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि गावचे तलाव त्यांच्या ताब्यात गेले. मालगुजारी पद्धतीत रयतेवर जाच झाला, हे नाकारता येत नाही. परंतु तलाव कोणाचा व त्याची डागडुजी कोणी करावयाची याविषयी संशय नव्हता. उन्हाळ्यात पाळीवर माती पडे, गाळ शेतात जाई, तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, दुरुस्त होई. पाणी वाटण्यासाठी पाणकर असे. गावचे लोक कामाला लागत, कित्येकदा बिनमोबदला व नाइलाजानेही लागत.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' व थोडक्यात 'मामा तलाव' म्हणू लागले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलावांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

कायद्याने अन्याय दूर झाला, ही मोठीच गोष्ट झाली. पण एक पोकळी राहून गेली. मालगुजार गेला व त्याच्या जागी गाव यावयास हवे होते, तेथे कार्यालय आले. कार्यालयाकडे तलाव शेकड्यांनी आणि निधी मोजका. लोकांना वाटले, तलाव आता सरकारचा आहे, गाळ सरकार काढील. अशा रीतीने वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाळीवर बेशरमाची झाडे माजली आणि कोठे कोठे तलावाच्या पोटात शेतेही झाली. तलावाची खोली घटली तशी झिरपणी घटली. पाळीखालची विहीर पूर्वी उन्हाळाभर पुरत असे, ती अगोदरच आटू लागली. लोकांनी विहीर आणखी खोल केली. परंतु दुखणे विहिरीचे नव्हते, वरच्या तलावाचे होते.

या ठिकाणी दप्तरातील एका कागदाचा उल्लेख आवश्यक आहे. विदर्भातील गावांसाठी निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज असे दोन लेख असतात. गावकऱ्यांचे सरपण, चराई, पाणी व वहिवाटीचे हक्क त्यांत नोंदविलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही त्यांची तरतूद आहे. आपल्या गावच्या तलावाचा गट क्रमांक, क्षेत्र आणि त्यावरील गावाचे हक्क काय, हे प्रत्येक ग्रामस्थास माहीत असावयास हवे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावच्या तळ्यांवरील व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. नोंद ज्याच्या हाती, त्याचाच हक्क टिकतो.

पाणवठा सर्वांचा

जुन्या व्यवस्थेचे गुण सांगताना तिचा सर्वांत मोठा दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. पाणी होते, पण ते सर्वांना नव्हते. गावची विहीर ज्यांच्या बापजाद्यांनी खोदली त्यांतील कित्येकांना तिला शिवण्याची मनाई होती. त्यांनी दूर उभे राहून कोणी ओंजळीत घालील ते पाणी घ्यावे किंवा नाल्यातले प्यावे, अशी स्थिती होती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हजारो अनुयायांसह प्राशन केले. त्या तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालला व १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले. ज्या पाणवठ्यावर गावातील प्रत्येक घराचा गुंड सारख्याच मानाने भरला जातो, तोच खरा गावचा पाणवठा. देवळाचे दार आणि विहिरीचे जोते, या दोहोंनाही हे लागू आहे.

पाण्यावाटे येणारे रोग

पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी पटकीची साथ आली की गावेच्या गावे ओस पडत. लोक मरीमाईला नवस बोलत व घर सोडून शेतात राहत. रोग पाण्यातून येतो हे सर्व जगालाच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाभोवतीच पटकीचे मृत्यू अधिक होतात हे दाखवून त्या पंपाचा दांडा काढावयास लावला. पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. त्या तळ्यावरच लोक धुणी धूत व त्याचेच पाणी पीत. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणीही घातक असू शकते, हा धडा तेथे मिळाला. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन मिसळण्यास आरंभ झाला व ती रीत हळूहळू आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत आली.

दुसरा रोग नारू. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी माणूस पाय बुडवी व तेथून जंतू पाण्यातील बारीक किड्यांच्या द्वारे इतरांच्या पोटात जात. वर्षभराने पायातून हातभर लांबीचा नारू बाहेर येई. या रोगावर लस नाही व त्याचे हमखास औषधही नाही. तरीही पायऱ्यांच्या विहिरी बदलणे, पाणी कापडाने गाळणे व लोकांना समजावून सांगणे एवढ्यावरच तो हटला. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. नुसत्या पाणवठ्याच्या रक्षणाने केवढे कार्य होते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

बोरिंग आणि नळ

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर खोदण्यात आल्या. त्याच सुमारास भूगर्भातील पाण्याचा शोध घेणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यात सुरू झाली. त्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क दोन' हा मजबूत हातपंप तयार झाला व खेडोपाडी बसला. आपल्याकडे त्यास 'बोरिंग' असेच म्हणतात. तोंड बंद असल्यामुळे त्याचे पाणी उघड्या विहिरीहून सुरक्षित असते व बायकांचे दोर ओढण्याचे कष्ट वाचले. परंतु खोल खडकातील पाण्यात कोठे लोह तर कोठे फ्लोराइड निघते. पूर्व विदर्भाच्या काही भागात फ्लोराइडचा त्रास आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी सतत पिण्यात आले तर दात व हाडे बिघडतात, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. अशा ठिकाणी दुसरा उगम शोधणे हाच उपाय.

त्यानंतर नळयोजना आल्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर होऊन प्रत्येक घरी नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ध्येय ठरले. नळ घरात आला ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र नळ हा पाण्याचा उगम नव्हे. टाकीच्या मागे विहीर असते, विहिरीच्या मागे तलाव, नाला किंवा नदी असते. उगम आटला अथवा नासला तर नळाची तोटी काय करील? दारात पाणी आले म्हणून ज्या गावाने जुनी विहीर कचऱ्याने भरली, त्या गावाने आपला आधारच तोडला, असे म्हणावे लागेल.

वैनगंगेची कथा याहून वेगळी नाही. भंडारा शहर व काठची अनेक गावे तिचे पाणी पितात. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला व कन्हानमधून वैनगंगेला येते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणात पाणी साठू लागल्यावर ते वाहून न जाता तुंबून राहू लागले व त्यावर जलपर्णी माजली. वरच्यांनी टाकलेली घाण खालच्यांना प्यावी लागते, ही तक्रार रास्तच आहे. पण प्रत्येक गाव हे कोणाच्या तरी वरचे असते. आपल्या नाल्यात आपण जे सोडतो ते पुढच्या गावाला पोचते, याचेही भान असावे.

विहिरीची निगा

पाणी राखण्याचे नियम कठीण नाहीत. विहिरीला तीन फुटांच्या आसपास उंच कठडा, भोवती पक्के जोते व सांडलेले पाणी दूर नेणारी नाली असावी. शौचालयाचा खड्डा, उकिरडा व गोठा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. धुणी व गुरे जोत्यावर आणू नयेत.

शुद्धीकरणाचा हिशेब शाळकरी मुलासही करता येईल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याला त्याच आकड्याने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ०.७८५ ने गुणावे, म्हणजे घनमीटर निघतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास सुमारे ३७,७०० लिटर होतात. चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम धरल्यास सुमारे ९४ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे दुसऱ्या बादलीत घ्यावे व ती बादली विहिरीच्या पाण्यात बुडवून हलवावी. नंतर एक तासपर्यंत पाणी भरू नये. रात्री हे काम केल्यास उत्तम. पावडर उघडी ठेवल्यास तिचा जोर जातो, म्हणून जुन्या पावडरीवर विसंबू नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने नळाच्या शेवटच्या टोकास क्लोरीन पोचतो की नाही हे तपासावे. राज्यात वर्षातून दोन वेळा पाणवठ्यांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे अथवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावास कोणते कार्ड आहे, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला जावा.

उगमाचे रक्षण करण्यासही कायदा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये, असा निर्बंध राज्याने १९९३ च्या भूजल अधिनियमात घातला. गाळ काढण्यासाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. तीत शेतकऱ्याला सुपीक गाळ मिळतो व तलावाला खोली मिळते. पूर्वजांची जुनीच रीत नव्या नावाने आली, असे म्हणावयास हरकत नाही.

मंदिराच्या कामात कोणी रोकड दिली, कोणी धान दिले, कोणी बैलगाडी वा ट्रॅक्टर दिला आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांनी हात दिले. जीर्णोद्धार असाच होत असतो. हे देऊळ सरकारचे आहे, सरकार दुरुस्त करील, असे कोणी म्हटले नाही. तलावाविषयी व विहिरीविषयीही गावाने हीच वृत्ती धरली, वर्षातून एक दिवस पाळीवरची झाडोरा काढण्यास, सांडवा मोकळा करण्यास आणि पाणवठा झाडण्यास दिला, तर सरकारच्या योजनाही फळाला येतील. देवाला आपण ज्या पाण्याने स्नान घालतो, तेच पाणी गावातील लहानात लहान लेकराने निर्धास्तपणे प्यावे, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.